जॅझच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: मी मडगावचा, वय 47. आजोबा मुंबईत डान्स बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, तिथूनच मला जॅझचं वेड लागलं. अमेरिकेतल्या एका लिलावात 1920 आणि 30च्या दशकांतल्या जॅझ मैफलींच्या 18 छापील कार्यक्रमपत्रिका एकगठ्ठा निघाल्या आहेत. बोली 3,60,000 रुपयांपर्यंत जाईल, वर लिलावगृहाचे 25 टक्के. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडून घ्याव्यात का? तीन वर्षांनी विकून फी भरता येईल.

उत्तर: एफडी मोडू नका. हे आधीच सांगतो, कारण पुढे मीही या कागदांच्या प्रेमात पडणार आहे.

हिशेब बघा. कमिशन धरून तुमचे 4,50,000 जातील. विकताना लिलावगृहाने 15 टक्के घेतले, तर नुसते घातलेले पैसे परत यायला बोली 5,30,000च्या आसपास जायला हवी. म्हणजे तीन वर्षं दरसाल पावणेचौदा टक्के वाढ, आणि तीही फक्त मुद्दल सुटायला. कुरिअर आणि कस्टम मी धरलेलंच नाही. तेवढीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या एफडीत राहिली तर करापूर्वी जवळपास 96,000 व्याज मिळतं. शिवाय फीची तारीख ठरलेली असते, गिऱ्हाईक कधी येईल ते ठरलेलं नसतं.

मग घेऊच नका का? घ्या, पण गठ्ठा नको. अशा गठ्ठ्यात सहसा दोन-तीनच पत्रिका मोलाच्या असतात, बाकीची भर. तुमच्या यादीत अमेरिकी बँडप्रमुख पॉल व्हाइटमनच्या 1924च्या मैफलीची पत्रिका आहे. न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये 12 फेब्रुवारीला संगीतकार जॉर्ज गर्श्विन स्वतः पियानोवर बसले आणि त्यांचं ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजलं, ती ही मैफल. पण त्याच वर्षी तिचे प्रयोग पुन्हा झाले, त्यामुळे तारीख आणि सभागृह नीट वाचा. पुढच्या प्रयोगाची पत्रिका पहिल्याच्या भावात घेतलीत तर फसलात. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या 16 जानेवारी 1938च्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या पत्रिकेलाही हाच नियम. कार्नेगी हॉलच्या जुन्या कार्यक्रमांची नोंद ऑनलाइन शोधता येते, तिथे तारीख आणि वादकांची नावं ताडून बघा. नंतर काढलेल्या प्रतिकृतीही बाजारात फिरतात.

हे कागद टिकले याचंच मला अप्रूप वाटतं. मैफल संपली की लोक ते खुर्चीवरच टाकून जात. त्या काळचा लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडतो, घडीवर तुटतो. गोव्याच्या पावसाळ्यात तर दमट हवा, बुरशी आणि कसर यांच्याशी गाठ आहे. आम्लरहित कागद, पॉलिएस्टरची पाकिटं आणि कोरडं कपाट यांचा खर्च आधीच बाजूला काढा. लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी मुळीच नको, किंमत तिथेच संपते.

1935 साली लिऑन ॲबींचा अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि गोवेकर वादकांनी अशा पाहुण्यांकडून खूप काही उचललं. त्या काळातले आजोबांचे फोटो, करारपत्रं, हॉटेलची जाहिरात घरात असेल तर आधी ते जपा. ते कुठल्याच लिलावात मिळणार नाही.

यंदाच्या बोनसमधून 40-50 हजार बाजूला काढा आणि जी एक पत्रिका भिंतीवर बघावीशी वाटते तेवढीच शोधा, बुडाले तरी चालतील अशा पैशांतून. बोली लावण्यापूर्वी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि ती आधी कोणाकडे होती याची माहिती मागवा. नाही मिळाली, तर बोली लावू नका.