आडवाटेची गाडी, गाडीखालची वाट

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं. या वेळची बहुतेक पत्रं पावसाळा संपता संपता आलेली आहेत, ते पत्रांतल्या चिखलावरूनच कळतं.

प्रश्न : २०२१ची थार फोर बाय फोर आहे, टायर २५५/६५ आर १८. दीड लाख बाजूला ठेवलेत. मित्र म्हणतात, आधी तीन इंच लिफ्ट कर. करू का? (सातारा)

नको. लिफ्ट, म्हणजे स्प्रिंग वाढवून गाडी उंच करणं, यादीत सगळ्यात शेवटी येते, आणि या गाडीला तीन इंच तर मुळीच नको. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, डबल विशबोनचं आहे. स्प्रिंग उंच केली की चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा कायम जास्त कोनात फिरतो. आधी रबरी बूट फाटतो, मग आत चिखल शिरतो आणि एक दिवस वळणावर ‘कट-कट’ सुरू होते. शिवाय चाकाला खाली लोंबायला जी जागा असते, ती गाडी उभी असतानाच खर्ची पडते. मग खड्ड्यावर चाक जमिनीला टेकतच नाही, हवेत गरगरत राहतं.

मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. तिथे स्प्रिंग कितीही वाढवा, दगडाला पहिलं भिडणारं डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं, भांडं आहे त्याच उंचीवर राहणार. त्याला वर उचलतो तो फक्त टायर, आणि तोही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्म्यानं. २५५/६५ आर १८चा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर, २६५/७० आर १७चा ८०३. म्हणजे रिम आणि टायर दोन्ही बदलून पदरात पडले सात मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढेही नाहीत!

तेव्हा टायर मूळ मापातच घ्या, पण ऑल टेरेनचे (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे) आणि जाड साइडवॉलचे, म्हणजे जाड बाजूचे. रोजचं ऑफिस त्याच गाडीनं असेल तर मड टेरेनच्या, म्हणजे खास चिखलाच्या टायरांच्या, वाटेला जाऊ नका. ओल्या डांबरावर ते घसरतात आणि केबिनमध्ये भुंगा बसल्यासारखा आवाज येतो. त्यानंतर इंजिन आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांच्याखाली चांगली लोखंडी प्लेट, पुढे-मागे चॅसीला धरलेले ओढायचे हूक, एक कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर अडकवायच्या दोरीच्याच कड्या), फावडं. दीड लाखातले बहुतेक इथेच संपतील.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र हवा कमी करण्याची आहे. दगड-मुरमाच्या वाटेवर १८ ते २० पीएसआय ठेवा. टायर दगडावर पसरतो, धरतो, आणि कण्यापर्यंत बसणारे धक्के बरेच कमी होतात. १५च्या खाली गेलात तर तिरक्या दगडावर टायर रिममधून निसटू शकतो. कमी हवेवर ताशी ३०च्या पुढे जायचं नाही आणि डांबर लागलं की हवा परत भरायची. कॉम्प्रेसर बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर ताकदीचा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो.

प्रश्न : जिम्नीला दोन इंच लिफ्ट केली. आता ताशी ६०-७०वर खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं, ब्रेक दाबेपर्यंत थांबत नाही. गॅरेजवाला स्टिअरिंग डॅम्पर बदलायला सांगतो. (कोल्हापूर)

डॅम्पर बदलल्यावर दोन-तीन महिने बरं वाटेल, मग पुन्हा पाढे पंचावन्न. डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण काढत नाही. कारण स्वस्तातल्यापासून शोधत या.

आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. वाळलेल्या चिखलाचा एक गोळा चाकाचं बॅलन्सिंग बिघडवायला पुरतो. तो धुऊन बॅलन्सिंग करून घ्या. मग पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिनचे (चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बेअरिंग. पॅनहार्ड रॉडची, म्हणजे चाकांचा कणा डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची, रबरी बुशंही बघा: इंजिन चालू ठेवून कोणीतरी स्टिअरिंग भराभर डावं-उजवं करावं आणि तुम्ही खालून रॉडच्या टोकांकडे बघावं. टोक बोल्टभोवती हललं की बुश गेलं.

आता लिफ्टचा हिशेब. जिम्नीला पुढेही अखंड अ‍ॅक्सल आहे, तो लांब आर्मवर झुलतो. गाडी उंचावली की आर्म खाली कलतात, अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे असलेला कल, कमी होतो. कॅस्टर गेला की चाकांची आपोआप सरळ होण्याची सवय जाते. यावर उपाय कॅस्टर करेक्शन बुश. लिफ्टबरोबरच ते टाकायला हवे होते. पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहिल्यामुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. किती, ते गवंड्याच्या ओळंब्यानं कळतं: सपाट जमिनीवर दोन्ही मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा, दोरा ते रिम अंतर मोजा. दोन्हीकडच्या फरकाचं निम्मं म्हणजे अ‍ॅक्सल तेवढा सरकलाय. लांबी बदलता येणारा रॉड बसवून तो मधे आणा. शेवटी अलाइनमेंट. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे दिपताहेत.

प्रश्न : ओढा ओलांडल्यावर महिन्यानं मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. सील नवंच आहे. पाणी गेलं कुठून? (नाशिक)

सीलमधूनच. पण दोष सीलचा नाही, ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या तोंडाचा. तासभर चालून हाउसिंग तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. गाडी थंड पाण्यात उतरली की हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू बघते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा जाते. तो मातीनं बुजला असेल किंवा बुडाला असेल तर पाणी जातं. सील ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं असतं, उलट्या दिशेला ते तेवढं तग धरत नाही.

काम तासाभराचं आहे. अ‍ॅक्सलवरची ब्रीदरची टोपी काढा, भोक साफ करा, तिथे नळीचं निपल बसवा. त्यावर ऑइलला टिकणारी फ्युएल होज चढवून क्लिप आवळा. नळी चॅसीवरून वर न्या, पण अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा; इथेच घाई होते आणि पहिल्याच खड्ड्यात नळी उपटून निघते. सायलेन्सरपासून वीतभर लांब. वरचं टोक मागच्या दिव्याच्या उंचीला, तोंड खाली वळवून, छोटा फिल्टर लावून. पुढचा अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचंही असंच, इंजिनच्या बाजूला वर.

दुधाळ ऑइल काढलंत ते ठीक, पण एकदा भरून भागत नाही. नवं ऑइल भरा, पन्नास-शंभर किलोमीटर चालवा, पुन्हा काढा. स्वच्छ आलं तर थांबा.

थारला कंपनीनं दिलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे मांडीपर्यंत. ती साचलेल्या पाण्याची समजा. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं आणि पाय ठरेनात, की गाडीही घालू नये. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर स्टार्टर मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ओढा, एअर फिल्टर उघडा, तो ओला असेल तर टोचन करून गॅरेज गाठा.

प्रश्न : बुलबार, लिफ्ट, रुंद टायर यांवर आरटीओ खरंच कारवाई करतं का? (ठाणे)

करू शकतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. क्रॅश गार्ड-बुलबारवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलं होतं. कायद्याशिवायही बुलबार वाईटच. टक्कर झाल्यावर पुढच्या भागानं चेपून धक्का पचवायचा असतो, बार तो सरळ चॅसीला देतो. एअरबॅगचा हिशेबही त्यानं चुकू शकतो. जे बदल कराल ते विमा कंपनीला लेखी कळवा.

प्रश्न : विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढणारी मोटार) किती ताकदीची घ्यावी? (नागपूर)

माणसं-सामानासकट गाडीच्या वजनाच्या दीडपट. २,२०० किलोची गाडी असेल तर ३,३०० किलो, आणि बाजारात त्याच्या वर सहज मिळणारी ९,५०० पौंडी, म्हणजे सुमारे ४,३०० किलोची. पण हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना असतो. चौथ्या थरावर ओढ जवळपास ६० टक्क्यांवर येते. म्हणून दोर लांब सोडा, किंवा स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावून दुहेरी करा. सिंथेटिक दोर घ्या. पोलादी दोर तुटला की माणूस कापतो. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओढा, पूर्ण भार पडलेली विंच अल्टरनेटरपेक्षा कितीतरी जास्त करंट पिते.

झाडाला दोर थेट गुंडाळू नये. साल कापली गेली की झाड वाळतं. रुंद पट्टा वापरा, बुंध्याच्या अगदी तळाशी. घाटमाथ्यावर कातळावर वीतभर मातीत उभ्या झाडांचा भरवसा धरू नका, मुळासकट येतात. तिथे दुसरी गाडी हाच खुंटा.

प्रश्न : मावळातल्या एका वाडीवरून पठाराकडे जाणारी मुरमाची वाट आमच्यासारख्यांच्या गाड्यांनी खणली गेली. चाकोऱ्या गुडघाभर झाल्यात, गावकरी चिडलेत. श्रमदान करायची तयारी आहे. मुरूम टाकू का? (पुणे)

आधी गावात जा. वाट कुणाची, हे सातबाऱ्यावर बघा: मालकीची, गायरान की वनखात्याची. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कुदळही मारता येत नाही.

आणि मुरूम आधी नको. चाकोरी गाडीनं सुरू केली तरी ती गुडघाभर पाण्यानं केली आहे. पाण्याची वाट तीच राहिली तर तुमचा मुरूम मृगाच्या पहिल्या सरींत खालच्या भातखाचरात जाईल, आणि गावकरी आता आहेत त्याच्या दुप्पट चिडतील. पहिलं काम पाणी वाटेवरून बाजूला काढायचं.

चढ मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. दहा मीटरमध्ये एक मीटर उतार म्हणजे १० टक्के. एवढ्या चढावर साधारण दर २४ मीटरला वाटेला आडवा बांध-चर हवा, १५ टक्क्यांवर दर १८ मीटरला, २० टक्क्यांवर दर १४ला. तो काटकोनात न घालता उताराकडे तिरपा काढा, ३० ते ४५ अंशांत. काटकोनातल्या चरात गाळ बसतो आणि दुसऱ्या पावसात पाणी वरून उडी मारतं. वरच्या अंगाला चर, खालच्या अंगाला चपट्या दगडांचा बांध. दगड आडवे ठेवू नका, उभे रोवा, दोन तृतीयांश जमिनीत. चराच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत फूटभर पुरे. दोन्ही टोकं वाटेच्या बाहेर फूटभर काढा, नाहीतर पहिलीच गाडी बाजूनं वळसा घालते. पाणी सुटेल ते गवतावर किंवा दगडांच्या ढिगावर, कुणाच्या बांधावर नाही.

मग चाकोरी भरा: तळाशी मोठे दगड, फटींत लहान, वर ओला मुरूम, चार-पाच इंचांचा एकेक थर धुमसानं चोपत. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरातच करा, जमिनीत ओल असते. मे महिन्यातला कोरडा मुरूम चोपला तरी भुगाच राहतो. जूनमध्ये एक फेरी मारून चरांतला गाळ उपसा.

भर पावसात ती वाट सोडून द्या. एरवी चढावर लो रेंज (फोर बाय फोरचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर), दुसरा गिअर, एकाच वेगानं. दोनदा चढली नाही तर तिसऱ्यांदा रेटायचं नाही. फिरणारं चाक वर चढत नाही, खाली उतरतं. डबकं चुकवायला गवतात घुसू नका, दर गाडी थोडी बाहेरून गेली की वाट चौपट रुंद होते. निघण्याआधी चाकं घरी धुऊन घ्या. गाजरगवत आणि रानमोडी यांचं बी चिखलाबरोबर डोंगरावर पोचतं.

प्रश्न : आमच्याकडे समुद्रकिनाऱ्यावर आणि सड्यावर गाडी चालवायला काय तयारी लागते? (रत्नागिरी)

किनाऱ्यावर नेऊच नका. गोव्यात ते कायद्यानं बंद आहे. आपल्याकडे वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि पिल्लू समुद्राकडे निघालं की चाकोरीत अडकून पडतं. गाडीचं म्हणाल तर भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी कुठलीही विंच वेळेत काढत नाही.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, फक्त मळलेली वाट. जांभ्यावर माती बोटभर असते, ती एकदा सोलली की तेरडा-सीतेची आसवं ही रानफुलं पुढच्या वर्षी तिथे उगवत नाहीत. दुसरं म्हणजे कातळशिल्पं. उक्षी, बारसू, कशेळीची माहीत झाली आहेत. पण बरीचशी अजून माती-गवताखाली झाकलेली आहेत, आणि जांभ्यात कोरलेली ती रेघ गाडीत बसून दिसत नाही.