नुसत्या ओळखीची माणसे

प्रश्न : मी ५९ वर्षांची आहे. डोंबिवलीहून मुंबईला लोकलने जाऊन नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलाजवळ पुण्याला राहायला आले. यजमानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, त्या दिवशी रुग्णालयात बसून फोनमधली सगळी नावे चाळली, पण मन मोकळे करावे असे एकही नाव सापडले नाही. लोकलच्या डब्यातल्या इतक्या ओळखी, आणि मैत्रीण एकही नाही. ही नाती पोकळच होती का? सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडावेसे वाटते.

उत्तर : ताई, जिच्यापाशी रडता येईल अशी मैत्रीण नसणे ही खरी उणीव आहे आणि ‘हल्ली सगळ्यांचे असेच असते’ असे म्हणून मी ती उडवून लावणार नाही. परंतु त्या उणिवेचा राग तुम्ही ज्यांच्यावर काढत आहात, त्या डब्यातल्या बायकांनी तुम्हाला मैत्रीचा शब्द कधी दिलाच नव्हता. त्यांनी सरकून चौथी सीट दिली, मटार सोलता सोलता तुमच्या मुलाच्या दहावीची काळजी ऐकून घेतली आणि दादर आले की पर्स सावरून त्या उतरून गेल्या. जेवढे द्यायचे होते, तेवढे त्यांनी चोख दिले.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, यजमानांकडून घरी येऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट तुम्हाला त्याच डब्यातल्या एका बाईंमुळे मिळाली. त्यांची भाची कोथरूडला राहते आणि त्यांची तुमची कित्येक वर्षांत भेट नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की, ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे. १९७३ च्या त्याच्या निबंधानुसार, वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले जेमतेम १७ टक्के होते, अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले सुमारे ५६ टक्के, तर उरलेल्यांना ती क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण साधे आहे : जवळच्या माणसांना बहुतेक तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते, तर लांबच्यांची ऊठबस निराळ्या लोकांत असल्यामुळे आपल्या कानावर एरवी न येणाऱ्या गोष्टी त्यांच्याकडे असतात.

मैत्री मात्र अशा उपयोगावर मोजता येत नाही. ॲरिस्टॉटलने उपयोगासाठीची, आनंदासाठीची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी राहिलेली अशी मैत्रीची तीन रूपे सांगितली, आणि तिसरीला वेळ लागतो व ती फार जणांशी जमत नाही, हेही सांगून ठेवले. माझ्या मते तिला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचे धाडस. ‘उगाच कोणाला त्रास नको’ हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा आले आहे. रुग्णालयात नाव सापडले नाही, की सापडलेल्या नावावर बोट ठेवायला संकोच वाटला, हे तुमचे तुम्हीच ताडून पाहा. मला दुसऱ्या शक्यतेचीच शंका येते.

ग्रुपमधून बाहेर पडू नका. सुप्रभातची फुले सोसवत नसतील, तर ग्रुप खुशाल म्यूट करा. फिजिओथेरपिस्ट मिळवून देणाऱ्या बाईंना मात्र फोन करून यजमान आता जिना चढतात एवढे कळवा. भेटीगाठीचे आमंत्रण त्याला जोडायची गरज नाही. आणि शेजारच्या ज्या बाई दोनदा चहाला बोलावून गेल्या, ज्यांना तुम्ही ‘येईन कधीतरी’ म्हणालात, त्यांना वार ठरवून सांगा. त्या सुनेविषयी फार बोलतात अशी तुमची तक्रार आहे, तर पहिल्या खेपेला अर्धा तास बसून उठा, पण त्या अर्ध्या तासात रुग्णालयातल्या त्या दिवसाबद्दल त्यांना सांगा.