रायफल विकत घ्यावी की जुळवावी?

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. रायफल क्लबच्याच पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलने मी ५० मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, पालथे झोपून व उभे राहून नेम साधण्याच्या प्रकाराचा) सराव करतो. स्वतःची रायफल हवी आहे, पण नवीची किंमत झेपणारी नाही. ओळखीच्या एका गृहस्थांकडे जुनी नळी व बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) आहेत आणि त्यासाठी मी आगाऊ रक्कमही दिली आहे. बाकीचे भाग लेथवर करून घेऊन रायफल जुळवली आणि मग परवाना काढला, तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. आधी परवाना आणि मग शस्त्र, हा क्रम कायद्याने ठरवलेला आहे. नळी आणि बोल्ट अजून आपल्या ताब्यात आले नसतील, तर ते कृपया घेऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही.

गोळी सुटत नाही तोवर ते नुसते लोखंड, असा समज नेमबाजांमध्येही आढळतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार मात्र अग्निशस्त्रांचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री हीदेखील अग्निशस्त्रेच ठरतात. त्यामुळे पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेली नळीसुद्धा कलम ३ च्या दृष्टीने विनापरवाना अग्निशस्त्र होऊ शकते आणि त्यासाठी किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे.

रायफल जुळवणे ही याहून कितीतरी गंभीर बाब आहे. शस्त्र बनवणे, त्याचे रूपांतर करणे, ते दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे, या साऱ्यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, आणि तो शस्त्र बाळगण्याच्या वैयक्तिक परवान्यात समाविष्ट नसतो. म्हणजे उद्या आपल्याला वैयक्तिक परवाना मिळाला, तरी घरी रायफल तयार करण्याचा अधिकार त्यातून मिळणार नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. लेथवर काम करून देणारा कारागीरही यात अडकेल, आणि त्याला आपण काय बनवतो आहोत याची कल्पनाही नसेल, हे मला विशेष खटकते. शिवाय परवान्यावर शस्त्राचा क्रमांक नोंदवावा लागतो. घरी जुळवलेल्या रायफलीवर निर्मात्याचे नाव व क्रमांक नसल्यामुळे ‘मग परवाना काढू’ हा मार्गच उरत नाही.

तेव्हा विकतच घ्या, पण नवीच घेतली पाहिजे असे नाही. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्याला क्लबच्या सदस्यत्वाचे व सरावाचे प्रमाणपत्र जोडा आणि रायफल सुरक्षित ठेवण्याची घरातली सोय स्पष्ट लिहा. अर्ज नाकारला गेल्यास कलम १८ खाली अपील करता येते. परवाना हाती आल्यावर एखाद्या परवानाधारक नेमबाजाची वापरलेली रायफल घेता येईल. मात्र विक्रेत्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी पूर्वसूचना दिलेली असावी व त्यानंतर किमान ४५ दिवस उलटलेले असावेत. परदेशातून भाग मागवण्याचा विचारही सोडा, कारण आयातीला कलम १० खाली स्वतंत्र परवाना लागतो. पुढे चाप बदलणे किंवा नळी नव्याने बसवणे अशी कामे निघाली, तर ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घ्या.

आगाऊ रकमेबद्दल स्पष्ट सांगतो. बेकायदेशीर उद्देशाचा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार निरर्थक असतो, त्यामुळे न्यायालयातून ती रक्कम वसूल होणे अवघड आहे. व्यवहार रद्द केल्याचे त्या गृहस्थांना लेखी कळवा आणि पैसे परत मागा. ते मिळाले नाहीत, तरी त्या बदल्यात माल घेऊ नका. माल आधीच आपल्याकडे आला असेल, तर तो फेकू, लपवू किंवा परत देऊ नका. आजच फौजदारी वकिलाला भेटून तो पोलिसांकडे जमा कसा करायचा ते ठरवा.

परवाना मिळेपर्यंत पॉइंट टू-टूचा सराव क्लबमध्येच, क्लबच्या रायफलने चालू ठेवा. घरी सरावासाठी पॉइंट १७७ बोअरची, २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्याविना घेता येते. खरेदीच्या वेळी ओळखपत्र द्या आणि पावती जपून ठेवा.