चीनमध्ये सगळे केंद्राच्या हुकुमाने चालते, मग तिथल्या स्थानिक कारभारात समाजशास्त्रज्ञाने अभ्यासण्यासारखे काय आहे?

माझ्या मते अभ्यासाचा खरा विषय हा हुकूम खाली पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा आहे. आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ झोउ श्वेग्वांग यांची कारकीर्द त्याचा उत्तम दाखला आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाचे पदवीधर असलेल्या झोउ यांनी १९९१ मध्ये स्टॅनफर्डमधून पीएच.डी. मिळवली. त्यांचे सुरुवातीचे काम, उदाहरणार्थ सांस्कृतिक क्रांतीत खेड्यांत धाडलेल्या शहरी तरुणांच्या पुढील आयुष्याविषयीचे, प्रामुख्याने सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर आधारलेले होते. २००४ पासून मात्र ते उत्तर चीनमधील एका ग्रामीण भागात वारंवार जाऊ लागले, आणि तिथेच त्यांना त्यांचा विषय सापडला, असे मला वाटते.

कुटुंबनियोजनाच्या तपासणीसाठी वरून पथक येणार असले, की गावपातळीचे अधिकारी कागदपत्रे नीटनेटकी करून ठेवत, हे कुणालाही नवल वाटण्यासारखे नाही. (सरकारी तपासणी जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला तर मुळीच नाही.) झोउ यांनी दाखवले ते असे, की या सारवासारवीत त्यांचे थेट वरिष्ठही सामील असतात, कारण खालच्यांची त्रुटी उघड झाली तर ठपका वरिष्ठांवरही येतो. या संगनमताला ते काही व्यक्तींचा भ्रष्टपणा मानत नाहीत. एवढ्या अफाट देशासाठी धोरण एकसारखे ठरते, परिस्थिती मात्र जागोजागी वेगळी असते. त्यामुळे अंमलबजावणीत सवलत घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि केंद्राने बक्षीस व शिक्षा जितक्या कडक कराव्यात तितके आपसांत सांभाळून घेण्याचे कारण बळकट होते. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कडक देखरेख हाच उपाय, ही आपली सहज समजूत त्याने मोडते.

एका भागावरून एवढ्या मोठ्या देशाविषयी किती बोलावे, हा आक्षेप रास्तच आहे. पण पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह च्यांग्सू प्रांतातील अधिकाऱ्यांच्या नेमणुकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक अधिकारी आपापल्या प्रशासकीय हद्दीतच फिरत राहतात, वरच्या पातळीवर जाणारे थोडेच, असे आढळले. वर्षानुवर्षे त्याच वरिष्ठांच्या हाताखाली राहायचे असेल, तर दूरच्या बीजिंगपेक्षा त्यांची मर्जी सांभाळणे अधिक निकडीचे ठरते.