येशूची उपासना आणि मूर्तिपूजेची मनाई

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ करून आल्यावर तिने मला विचारले, "देवाशिवाय कोणाचीही उपासना करायची नाही, असे देवच सांगतो, मग आपण येशूची उपासना का करतो? तो तर मरीयेच्या पोटी जन्मलेला माणूस होता आणि स्वतःच देवाची प्रार्थना करीत असे." मला उत्तर देता आले नाही. त्यातच माझे माहेर प्रोटेस्टंट आणि सासर कॅथलिक. सासूबाई रोज संध्याकाळी येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतात. माहेरी मी असे कधी पाहिले नव्हते. येशूची उपासना ही मूर्तिपूजा ठरते का? आणि तसबिरीपुढच्या मेणबत्तीचे काय?
— एक वाचक भगिनी, नगर

उत्तर : ताई, आपल्या मुलीने जे विचारले ते विचारायला मोठ्या माणसांची जीभ धजत नाही. म्हणून सर्वांत आधी एक विनंती करतो. "असे प्रश्न विचारू नयेत" एवढे तिला सांगू नका. तिची शंका रास्त आहे आणि तिला पळवाट काढून उत्तर देता येत नाही. येशू हा देवाने निर्माण केलेला एक जीव असेल, मग तो कितीही थोर असो, संदेष्टा असो की देवदूतांहून श्रेष्ठ असो, तर त्याची उपासना ही मूर्तिपूजाच आहे, आणि गेली दोन हजार वर्षे ख्रिस्ती मंडळी पहिली आज्ञा मोडत आली आहे, असे आपल्याला मान्य करावे लागेल. मधला मार्ग नाही. हे मी आजच्या काळाचा माणूस म्हणून सांगतो असे नव्हे. चौथ्या शतकात मंडळीच्या सर्वांत खंबीर शिक्षकांपैकी एकाने हेच म्हटले होते. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी आज्ञा नेमकी काय मना करते ते पाहू. बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात : परमेश्वराखेरीज दुसरा देव मानू नये, आणि आकाशातल्या, पृथ्वीवरच्या वा जलातल्या कशाचीही प्रतिमा घडवून तिच्या पाया पडू नये, तिची सेवा करू नये. अनुवाद या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशे यामागचे कारण सांगतो. होरेब डोंगरावर अग्नीतून परमेश्वर बोलला तेव्हा लोकांनी शब्द ऐकले, आकृती मात्र पाहिली नाही. जे त्यांनी पाहिलेच नाही ते त्यांनी आपल्या हातांनी घडवू नये. येथे आकृतीचा तिटकारा नाही, कारण त्याच निर्गमात पुढे कराराच्या कोशावर (आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर) सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, घडवण्याची आज्ञा देवच देतो. आक्षेप आहे तो माणसाने आपल्या हाताने देव करण्याला. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजले त्या वेळी मोशेचा भाऊ अहरोन याने दवंडी पिटली ती "उद्या परमेश्वराचा सण आहे" अशीच, म्हणजे नाव खऱ्या देवाचे होते आणि रूप माणसाने ठरवलेले होते. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात तर हे अगदी डोळ्यांपुढे उभे केले आहे. एक माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडाचा जाळ करून त्यावर भाकर भाजतो, मांस भाजतो, शेकत बसून "आहा, ऊब आली" म्हणतो, आणि उरलेल्या लाकडाचा देव करून त्याला "मला तार" म्हणून विनवतो. हातांनी केलेले, हा त्या सगळ्या निषेधाचा गाभा आहे. तो शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

(येथेच एक गोष्ट नोंदवतो. ही आज्ञा कराराने बांधलेल्या लोकांना, म्हणजे आपल्याला दिलेली आहे. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी ती वापरणे मला पटत नाही. यशयाचा तो अध्याय यहुदी माणूस यहुद्यांना वाचून दाखवत होता.)

आता येशूकडे येऊ. या प्रश्नावर आपल्याकडे सर्रास दिले जाणारे उत्तर असे असते की, पूर्वेकडच्या मागी लोकांनी (ज्ञानी पुरुषांनी) बाळ येशूला नमन केले, कुष्ठरोग्याने केले, तारवातल्या शिष्यांनी केले, म्हणून तो देव. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. नमनासाठी आलेला ग्रीक शब्द राजापुढे किंवा धन्यापुढे लवण्यालाही चालतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात कर्जबाजारी दास आपल्या धन्यापुढे तसाच लवतो. अब्राहामानेही हेथच्या वंशजांपुढे लवून नमन केले होते. आपण आजीच्या पाया पडतो म्हणून कोणी आपल्याला मूर्तिपूजक म्हणत नाही. तेव्हा नुसत्या नमनाची वचने मोजून हा प्रश्न सुटणार नाही.

खरा फरक दिसतो तो नमन स्वीकारण्यात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी प्रेषित पेत्राच्या पाया पडतो, तेव्हा पेत्र त्याला उठवतो आणि मीही माणूसच आहे असे सांगतो. लुस्त्र येथे लोक बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवून बैल व हार घेऊन येतात, तेव्हा ते दोघे आपले कपडे फाडत गर्दीत धावत सुटतात. प्रकटीकरणाच्या शेवटी योहान देवदूताच्या पायाशी पडतो, तर देवदूत म्हणतो, असे करू नको, देवाला नमन कर. आता या तिन्ही प्रसंगांशेजारी येशूचा शिष्य थोमा याचा, पुनरुत्थानानंतरचा प्रसंग ठेवा. दारे बंद आहेत. आठ दिवसांपूर्वी येशू शिष्यांना भेटला तेव्हा हजर नसलेला थोमा आता त्याच्यासमोर उभा आहे, आणि खिळ्यांचे व्रण पाहून त्याच्या तोंडून निघते, "माझ्या प्रभू, माझ्या देवा!" जो येशू रानात सैतानाला "परमेश्वर तुझा देव ह्याला नमन कर व केवळ त्याचीच उपासना कर" हे अनुवादातले वचन ऐकवतो, तो थोमाला थांबवत नाही, त्याचे बोलणे दुरुस्त करीत नाही. उलट, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना तो धन्य म्हणतो. पेत्राने जे केले ते येशूने केले नाही, आणि थोमा हा लहानपणापासून शमा म्हणत आलेला यहुदी होता.

शमा म्हणजे "हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे" हे वचन. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने धर्मग्रंथ हाताशी नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या जपले ते हेच. या वचनाचे पौलाने काय केले, हे मराठी वाचकाला सहसा ऐकू येत नाही, आणि त्यात दोष वाचकाचा नाही. आपल्या भाषांतरात जुन्या करारात देवाच्या नावासाठी "परमेश्वर" आणि नव्या करारात येशूसाठी "प्रभू" असे दोन शब्द येतात. ग्रीक नव्या करारात दोन्हींसाठी एकच शब्द आहे, "किरियॉस". त्यामुळे योएल संदेष्टा म्हणतो की जो परमेश्वराचा धावा करील तो तरेल, आणि रोमकरांच्या दहाव्या अध्यायात तेच वचन "प्रभू"चा धावा म्हणून येशूला लागते. आपण दोन्ही पाने वाचतो, पण दोन्हींत एकच नाव आहे हे कानावर पडत नाही. हे ध्यानात घेऊन करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय उघडा. गंमत अशी की, तो अध्याय मूर्तींपुढे ठेवलेल्या अन्नाविषयीच आहे. मूर्ती जगात काहीच नाही आणि एकाखेरीज दुसरा देव नाही, असे पौल तेथे ठणकावून सांगतो आणि लगेच पुढे शमाचेच शब्द घेऊन म्हणतो की आपल्याला एकच देव आहे, म्हणजे पिता, आणि एकच प्रभू आहे, म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झाले. त्याने शमाला दुसरा देव जोडलेला नाही. शमातल्या "देव" आणि "परमेश्वर" या दोन शब्दांच्या आतच त्याने पित्याला आणि पुत्राला पाहिले आहे. "ज्याच्या द्वारे सर्व काही झाले" या शब्दांनी त्याने येशूला केलेल्यांच्या रांगेतून काढून करणाऱ्याच्या बाजूला ठेवले. हे पत्र येशूच्या मरणानंतर साधारण पंचवीस वर्षांतले आहे. ही कल्पना पुढे कोणा सम्राटाने घुसडली, असे जे सांगितले जाते, ते या एका अध्यायापुढे टिकत नाही.

फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायातही असेच आहे. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की माझ्यावाचून दुसरा देव नाही आणि प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. जुन्या करारात मूर्तींविरुद्ध याहून कडक बोलणे क्वचितच सापडेल. पौल नेमके तेच वचन उचलतो आणि येशूच्या नावात प्रत्येक गुडघा टेकेल असे लिहितो, आणि शेवटी जोडतो : "देवपित्याच्या गौरवासाठी". मूर्ती देवाचा मान आपल्याकडे वळवते, पण पुत्राला दिलेला मान पित्याकडेच पोहोचतो.

बाहेरच्या माणसाची एक साक्ष सांगतो. सुमारे ११२ साली बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. त्याची पारख करण्याची रीत साधी होती. तो देवांच्या मूर्ती आणि सम्राटाची प्रतिमा आणवी, आणि त्यांच्यापुढे धूप जाळून द्राक्षारस अर्पण करा व ख्रिस्ताला शाप द्या, असे आरोपींना सांगे. खऱ्या ख्रिस्ती लोकांकडून यांतले काहीच करवून घेता येत नाही, असे त्याच्या कानावर होते, आणि ख्रिस्ती असल्याचे सांगून त्याला चिकटून राहिलेल्यांना तो मृत्युदंड देई. त्याच पत्रात तो लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. चिमूटभर धुपासाठी जीव देणारी आणि पहाटे ख्रिस्तासाठी गाणारी माणसे तीच होती. मूर्तिपूजा कशाला म्हणतात हे त्यांना कळत नव्हते, असे म्हणण्याचे धैर्य मला नाही.

प्रश्न मंडळीच्या आतूनच पुन्हा उभा राहिला तो एरियसमुळे. चौथ्या शतकातल्या, आलेक्सांद्रियाच्या मंडळीच्या या वडिलाचे (पाळकाचे) म्हणणे असे होते की पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे, आणि तो नव्हता असाही एक क्षण होता. तरीही त्याचे अनुयायी पुत्राची उपासना सोडायला तयार नव्हते. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या शिक्षकाने, अथनेशियसने, बोट ठेवले ते याच जागी. पुत्र निर्मिलेला असेल तर तुम्ही निर्मितीची पूजा करता, मग तुमच्यात आणि ज्यांना तुम्ही मूर्तिपूजक म्हणता त्यांच्यात फरक काय राहिला? ३२५ साली नायसियाच्या परिषदेने जे ठरवले ते आपण आजही मतांगीकारात (विश्वासाच्या कबुलीत) म्हणतो : पुत्र जन्मलेला आहे, केलेला नव्हे. यशयाचे लाकूड आठवते ना? मूर्ती ती, जी केलेली असते. "केलेला नव्हे" हे तीन अक्षरी-दोन अक्षरी शब्द मतांगीकारात आहेत म्हणून आपली उपासना पहिल्या आज्ञेत बसते. ते काढून टाकले तर बसत नाही.

मग येशू प्रार्थना कोणाला करीत होता? पित्याला. पुत्र खरोखर माणूस झाला आणि माणसाने देवाची प्रार्थना करायची असते, म्हणून त्याने ती केली, त्यात नाटक नव्हते. "माझा देव आणि तुमचा देव" असे तो पुनरुत्थानानंतरही म्हणतो. आपण येशूच्या देहाची उपासना करतो आणि त्यात देव राहत होता असे समजतो, असे नाही. जो देह झाला त्या पुत्राची उपासना करतो, पुत्राच्या द्वारे पित्याची करतो. हे सगळे नववीतल्या मुलीच्या गळी एका बैठकीत उतरेल अशी अपेक्षा करू नका. माझ्याही गळी उतरायला वर्षे गेली.

यहुदी आणि मुसलमान बांधव हे मान्य करीत नाहीत, हेही तिला सांगा. बाराव्या शतकातला थोर यहुदी पंडित मायमोनिदेस याने ख्रिस्ती उपासनेला मूर्तिपूजेतच गणले. त्यानंतरच्या शतकातल्या मेईरी या यहुदी पंडिताने तसे मानले नाही. त्यांचा नकार द्वेषातून नव्हे तर देव एकच आहे या निष्ठेतून येतो, आणि येशू कोण या एकाच प्रश्नावर आपण आणि ते वेगळे होतो.

राहिली मेणबत्ती. आधी एक गोंधळ दूर करतो : कॅथलिक आणि लुथरन परंपरेत प्रतिमांची मनाई पहिल्या आज्ञेतच धरतात आणि शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करतात. आपल्या माहेरच्या मंडळीत ती वेगळी दुसरी आज्ञा असते. म्हणून आकडे जुळत नाहीत, मजकूर दोन्हीकडे तोच आहे. ७८७ साली नायसियातच भरलेल्या दुसऱ्या परिषदेने ठरवले की उपासना केवळ देवाची, प्रतिमेला फक्त आदर, आणि तो आदर ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. सुधारणावादी (प्रोटेस्टंट) मंडळ्यांना हा भेद व्यवहारात टिकत नाही असे वाटले. माझ्या घरी भिंतीवर नुसता रिकामा क्रूस आहे, कारण मला स्वतःविषयी ती भीती वाटते. भीतीला शास्त्रात आधारही आहे. मोशेने देवाच्या सांगण्यावरून घडवलेल्या पितळी सर्पापुढे लोक पुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने सांगितलेली वस्तूसुद्धा मूर्ती होऊ शकते, तर कागदाची तसबीर का होणार नाही? पण ती झाली आहे की नाही हे दाराशी उभे राहून सुनेला कळत नाही. तेव्हा एखाद्या संध्याकाळी मुलीलाच आजीजवळ बसू द्या आणि विचारू द्या, "आजी, तसबीर फुटली तर तू मेणबत्ती कोणासाठी लावशील?" सासूबाईंचे उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.