इस्लामचा आरंभकाळ वाचायला घेताय? आधी एवढं करा

सुरुवात थेट लढायांपासून करू नका. बहुतेक नवे वाचक तिथेच गुंततात आणि नावांच्या गर्दीत कंटाळून सोडून देतात. आधी पाच सनावळ्या पक्क्या करा: 610 पैगंबर मुहंमदांना पहिला साक्षात्कार, 622 मक्केहून मदिनेला हिजरत म्हणजे स्थलांतर, 630 मक्का ताब्यात, 632 पैगंबरांचं निधन, 661 चौथे खलिफा (पैगंबरांनंतरचे मुस्लिम समाजाचे प्रमुख) अली यांची हत्या आणि उमय्या घराण्याच्या सत्तेचा उदय. बाकी सगळं यांच्या आजूबाजूला बसतं.

मग नकाशा उघडा. बायझंटाइन (पूर्व रोमन) आणि सासानी (इराणी) ही दोन साम्राज्यं 602 ते 628 एकमेकांशी झुंजून थकली होती. हे कळल्याशिवाय काही वर्षांतच सीरिया, इराक, इजिप्त अरबांच्या हाती कसे गेले, ते उलगडत नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच, इथे घाई करू नका.

नेहमीच्या चुका:
- राज्य पसरलं म्हणजे लगेच धर्मही पसरला, असं समजणं. इराणमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला काही शतकं लागली. जिझिया, म्हणजे बिगर-मुस्लिमांवरचा कर, भरून ख्रिस्ती, ज्यू, पारशी आपापल्या धर्मात राहत होते.
- इसवी सन काढायला हिजरी सनात (हिजरतीपासून मोजल्या जाणाऱ्या इस्लामी सनात) सरळ 622 मिळवणं. ते वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे हिशेब चुकतो.
- इब्न इस्हाकचं पैगंबरचरित्र समकालीन मानणं. ते शतकाहून अधिक काळानंतरचं आहे.

हदीसची (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरांची) चिकित्सा, शिया-सुन्नी वाद सध्या बाजूला ठेवा. पहिले चार खलिफा क्रमाने सांगता येऊ लागले की पुढचं विचारा, मी आहेच.