तिसऱ्या खेपेचा दाखला

आदरणीय ताई, सलाम.

मी निवृत्त मुख्याध्यापक, वय 68. नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या ख्रिस्ती मंडळीचा 21 वर्षं सेक्रेटरी होतो. आमच्या आजोबांनी चर्चच्या पायाचे दगड डोक्यावर वाहिले. एवढ्या वर्षांत मंडळीच्या पैशातला चहासुद्धा मी प्यायलो नाही. दीड वर्षापूर्वी नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले, वय 34. वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला की, एका पदावर दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहू नये. ठराव पास झाला. ज्यांना मी शिकवलं, ज्यांच्या पोरांना चिकटवून दिलं, त्यांचेही हात वर. एक बाई तर मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मंडळीचा दाखला हवा म्हणून तीनदा घरी आली होती, तीन वर्षांची वर्गणी थकलेली, तरी मी सहीशिक्का करून दिला. तिचाही हात वर! मी उभा राहिलो आणि बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्यासारखं विचारलं, मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणी तोंड उघडलं नाही. महिना झाला, झोप नाही. दहा-बारा घरं माझ्या शब्दातली आहेत. ती म्हणतात, गुरुजी, आपण वेगळी उपासना सुरू करू. हाती आलेला अधिकार मी चांगलाच वापरला, ताई. मग हे असं का? आणि आता मी काय करावं?

— एक सेवक

गुरुजी, सलाम.

तुमचं चार पानी पत्र वर थोडक्यात दिलं आहे. मूळ पत्रात नव्या पाळकांवर दीड पान आहे, आजोबांवर अर्धं, सभेच्या वृत्तांतावर जवळजवळ दोन. त्या बाईवर एक वाक्य. मी त्या वाक्यापाशी अडकले ते अडकलेच. पत्र तीनदा वाचलं, दर वेळी तिथंच येऊन थांबले.

ती तीनदा का आली?

दाखल्यात आपण लिहितो काय? अमुक बाई आमच्या मंडळीची सभासद, तिच्या मुलीचा बाप्तिस्मा अमुक तारखेला झाला. रजिस्टरात जे आहे ते कागदावर उतरवायचं, खाली सही, शिक्का. दहा मिनिटांचं काम. पहिल्या खेपेला तुम्ही घरी नसाल, मान्य. दुसऱ्या खेपेला? रजिस्टर सापडलं नसेल, जेवायला बसला असाल, रविवारी उपासनेनंतर भेट म्हणाला असाल. किंवा आधी वर्गणीचं बघ, असं म्हणाला असाल. यातलं नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘तरी’ हा शब्द लिहिलात. वर्गणी थकलेली, तरी दिला. गुरुजी, दाखला तिचाच होता. तिच्या लेकराचं नाव पाळकांनी पाणी लावून रजिस्टरात लिहिलं त्या दिवसापासून तिचा. तुमच्याकडे तो फक्त ठेवायला दिलेला होता. तिचीच वस्तू तिला तिसऱ्या खेपेला परत केलीत आणि त्याला उपकार म्हणून मनात टिपून ठेवलंत. सभेत तिचा हात तुम्हाला सगळ्यात आधी दिसला तो त्यामुळे.

आणि ती घरी का आली? शिक्का घरी होता म्हणून. तुम्ही मुख्याध्यापक होतात. शाळा सोडल्याचे शेकडो दाखले तुमच्या सहीने गेले असतील. शाळेचा शिक्का कधी घरच्या कपाटात ठेवला होतात का? नाही ना? तिथं रजिस्टर होतं, कारकून होता, वरून तपासायला साहेब येणार होते. मंडळीत वरून तपासायला कोण येणार, देवच. तो घाई करत नाही हे आपल्या लोकांना चांगलं माहीत आहे.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात बोर्डिंगच्या प्रवेशासाठी चिठ्ठी हवी होती. आई मला घेऊन एका पंचांच्या घरी गेली. कोणत्या गावचे, कोण, ते राहू द्या. पायरीखाली चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला बसलो. आईच्या पदराखाली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. आत जेवणं चालली होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आमटीचा वास येत होता. आईने वाटेतच बजावलं होतं, जेवतेस का विचारलं तर भूक नाही म्हण. कुणी विचारलंच नाही. तासाभराने त्यांच्या सूनबाई बाहेर आल्या, पिशवी आत घेऊन गेल्या, परत येऊन म्हणाल्या, परवा या. चिठ्ठी मिळाली बरं का, माझं शिक्षण त्याच चिठ्ठीवर झालं. त्या पंचांनी आयुष्यात पैसा खाल्ला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते वारले तेव्हा आई मातीला गेली, रडलीसुद्धा. घरी येऊन पाय धुता धुता म्हणाली, “माणूस भला होता. शेंगा तेवढ्या आत घेतल्या, आपल्याला ओट्यावरच ठेवलं.”

पैसा खाल्ला नाही म्हणजे अधिकार चांगला वापरला, हा हिशोब आपल्याकडे फार सोपा करून ठेवला आहे. पैशाचा हिशोब वहीत लागतो, ऑडिटर तो तपासतो. ओट्यावर गेलेला तास कुठल्या वहीत लिहायचा? मोडलेला रोज, एसटीचं भाडं, पोरीसमोर खाली घातलेली मान हे कोणत्या रकान्यात?

ही पायरी आली कुठून, तेही तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आजोबांनी पाहिलेली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले, 1831 पासून नगरला बस्तान बसलं. शाळा आल्या, दवाखाने आले, बोर्डिंगं आली, आणि त्यांच्यासोबत मिशनरी साहेबांचा बंगला आणि बंगल्याची पायरीही आली. नोकरी हवी, साहेबांची चिठ्ठी. नारायण वामन टिळकांसारखा माणूस, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला, नगरच्या मातीत राहून आपल्याला गाणी देणारा. त्यालाही हे साहेबी वळण सोसेना. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पुढे साहेब गेले. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तोवर कारभार बऱ्यापैकी आपल्या हाती आलेला होता. साहेबाची खुर्ची आपण घेतली ते ठीकच झालं. पायरी तेवढी काढायची राहिली. ती आता तुमच्या ओट्याला आहे.

आता तुमचा शमुवेल. सभेत उभं राहून तुम्ही त्याचं नाव घेतलंत, म्हणून बोलते. नाहीतर पवित्र शास्त्र कुणाच्या अंगावर फेकायला मला आवडत नाही. बैल आणि गाढव ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहेत. पाच अध्याय मागे जा. सातव्याच्या शेवटी दोन ओळी आहेत, रविवारी त्यांच्यावर संदेश देताना मी कुणाला ऐकलेलं नाही. शमुवेल दरवर्षी बेथेल, गिलगाल आणि मिस्पा अशी फेरी करायचा आणि त्या त्या ठिकाणी लोकांचा न्याय करायचा. मग रामाला, आपल्या घरी. वाचलंत? लोकांनी रामालाच खेपा घालाव्यात असं त्याने ठेवलं नाही. एवढा मोठा माणूस, देवाने लहानपणी नावाने हाक मारलेला, तो उठून लोकांच्या गावी जायचा. म्हणून बाराव्यात बैलाचा प्रश्न विचारायची त्याची छाती झाली, आणि लोकांनी मोठ्याने उत्तरही दिलं, नाही, तू आमचं काही घेतलं नाहीस. तुमच्या सभेत कुणी तोंड उघडलं नाही, असं तुम्हीच लिहिता. त्या गप्प बसण्याला तुम्ही कृतघ्नपणा म्हणालात. मी त्याला खरेपणा म्हणेन. तुम्ही बैल घेतला नाहीत, त्यामुळे ‘घेतलात’ म्हणता येईना. आणि काहीच घेतलं नाही, असंही त्यांना म्हणवेना.

आणखी एक. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या ताटावरच शिष्यांची जुंपते, आपल्यात मोठा कोण. तेव्हा येशू म्हणतो की, परराष्ट्रीयांचे राजे सत्ता चालवतात आणि वर लोकांकडून परोपकारी म्हणवून घेतात, तुम्ही तसे नसावे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्यावर आपण दरवर्षी संदेश ऐकतो, आपले पाय कुणी धुतले नाहीत तरी चालतं. ही परोपकाराची गोष्ट मात्र सगळ्यांच्या जिव्हारी लागेल, म्हणून ती घाईने वाचून पुढे जातात. इथं जुलमी राजाला कुणी हटकत नाही. हटकलंय ते उपकार करून ते मोजणाऱ्याला. “ज्यांच्या पोरांना चिकटवून दिलं” हे तुमचे शब्द. खाली सही केलीत, “एक सेवक”. दोन्ही एकाच पानावर, गुरुजी.

पाळकांबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंत, मी दोन ओळी लिहिते. ठराव मांडण्याआधी त्यांनी तुमच्या घरी येऊन तोंडावर सांगायला हवं होतं. 21 वर्षांच्या माणसाला सभेत कळणं वाईटच. पण पत्र त्यांनी मला लिहिलेलं नाही. ते लिहितील तेव्हा त्यांचे कान उपटीन.

वेगळ्या उपासनेचं विचारलंत. नाही. ती दहा-बारा घरं तुमच्या शब्दातली आहेत, असं लिहिता. ती प्रभूच्या शब्दातली असायला हवी होती. ह्या विषयावर मी याहून जास्त शाई घालणार नाही. त्यांना सांगा, गुरुजी येत्या रविवारी नेहमीच्याच चर्चमध्ये बाकावर बसणार आहेत. पुढच्या बाकावर नव्हे, मधल्या. तेवढ्यावर ते निवतील.

काय करावं, तर एवढंच करा. त्या बाईच्या घरी जा.

याच आठवड्यात जा. रविवारी नको, उपासनेनंतर लोक बघतात आणि मग त्याचीही गोष्ट होते. ती कामावरून कधी येते हे माहीत नसेल, ते आधी विचारून घ्या. ते तुम्हाला माहीत नाही याबद्दल मला खात्रीच आहे. ती काय करते, घरात कमावणारं दुसरं कोण, याचा एक शब्द तुमच्या पत्रात नाही. थकबाकी मात्र वर्षांसकट आहे. एकटे जा. कमिटीतलं कुणी नको, घरच्या बाईंना पुढे घालणं नको. शिक्का नव्या सेक्रेटरीकडे गेला असेलच. नसेल तर जाण्याआधी चर्चच्या ऑफिसात टेकवा आणि मला कळवूही नका, मला लाज वाटेल.

गेल्यावर भाषण करू नका. शमुवेल तर अजिबात नको. तिने हात का वर केला, हेही विचारायचं नाही, तो तिचा हात आहे. “पहिल्यांदा आलात तेव्हा काय झालं होतं, मला आठवत नाही, सांगता का,” एवढं विचारा. तुम्ही तिला अरेतुरे करत असाल तर त्या दिवशी अहोजाहो करा. मग गप्प बसा. मधे बोलायचं नाही. चाळीस मुलांना गप्प बसवलेल्या माणसाला ते जड जाईल, तरी बसा. ती आधी म्हणेल, जाऊ द्या हो गुरुजी, झालं ते झालं. आपल्या बायका असंच म्हणतात, माझी आईही म्हणाली असती. त्यावर उठू नका. परत विचारा. मग ती सांगेल. जे सांगेल त्याला ‘पण’ लावू नका. चुकलं म्हणा. का चुकलं ते ऐकण्यात तिला रस नाही.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा. चार पानं लिहिलीत, तीन खेपा, वर्गणी, सही, शिक्का, वर झालेला हात सगळं आलं. त्या मुलीला प्रवेश मिळाला की नाही, ते कुठेच नाही. मी पत्र उलटंपालटं करून शोधलं. मिळाला असेल तर कुठे शिकते, कितवं वर्ष, विचारा. तारीख उलटून गेली असेल तर तेही तिच्याच तोंडून ऐका, तिथंच बसून.

ती चहा टाकेल. मंडळीच्या पैशातला नाही तो, घ्या. वर्गणीचं नाव काढू नका.

— तुमची ताई